खोका क्रमांक चाळीस

लिस्बनच्या खाली, नदी समुद्राला मिळते तिथं,
सार्डिनचा जुना कारखाना आता संग्रहालय आहे.
दारावर मीच चिठ्ठी डकवली :
या, या खेपेला तुम्ही मांडा.
तीन आठवडे कुणी फिरकलं नाही.

मग दिओलिंदा आली. पिशवीत कांदे.
आधी विचारलं, पैसे किती पडतील?
पडत नाहीत म्हटल्यावर
संशयानंच आत शिरली.

डबे बंद करणारं यंत्र
तिनं कोपऱ्यात ढकलायला लावलं.
"ते मालकाचं. त्याचे फोटो खूप झाले."

खोका क्रमांक चाळीस. माझ्याच अक्षरात :
'मासे वाहण्यासाठी. पाइनचं लाकूड.'
तिनं चष्मा पुसला, वाचलं,
आणि खोक्याच्या तळाला हात लावला
तापलेल्या कपाळाला लावतात तसा.

"रात्री दोनला भोंगा झाला की आई उठायची.
प्रत्येक कारखान्याचा भोंगा निराळा,
आमचा जरा घोगरा.
ती मुंडकी छाटायची, मी यात झोपायचे.
माझ्यामागून झुल्मिरा. मग जोआकिम,
तो नाही राहिला."

मी पेन काढलं.
"थांब. उद्या बेल्मिराला आणते,
तिला तो भोंगा तोंडानं काढता येतो."

जाताना कांदे विसरली, खोक्यातच.
संध्याकाळी पोस्टमन डोकावला :
हे कुणी मांडलंय?