सातव्या पाटाची जागा

पुस्तकातले म्हातारे शेकोटीशी बसतात,
दाढीतून वाक्यं निथळतात त्यांच्या,
आणि पान उलटायच्या आत पोरगं शहाणं होतं.

आमचा जुमाकादिर तसा नव्हता.
नारीनच्या वरच्या अंगाला तो पाटकरी.
खांद्यावर फावडं, पायात रबरी बूट,
उजव्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
बोलायचा तो पाण्याशी,
तेही शिव्या देत.

मी अकरा वर्षांची.
कंदील धरायला पोरगा मिळेना, म्हणून मी.
बर्फाचं पाणी दुपारी वितळून निघायचं
आणि आमच्यापर्यंत यायला मध्यरात्र उलटायची.
तो ओल्या मातीत फावडं रोवी,
दांड्याला कान लावी, डोळे मिटी.
मग म्हणे, "निघालंय. चहा टाक."

मी कान लावला तर नुसतं लाकूड.
दुसऱ्या उन्हाळ्यात
लाकडातून मुंगी चालल्यासारखं झालं.
धावत जाऊन सांगितलं.
"कंदील सरळ धर," म्हणाला.

गावात पोरांकडून सात पिढ्या पाठ करून घेत.
पाहुणा आला की पोरगं उभं,
बापापासून सुरुवात, सातव्यापर्यंत दम पुरवायचा.
अडखळलं की आजोबांची मान खाली.
मला कुणी उभं केलं नाही.
हे त्याला कसं कळलं, ठाऊक नाही.
एका रात्री म्हणाला, "पाट म्हणून दाखव."

कारा-सू, ताश-बुलाक, कोक-जार,
कू-साय, सारी-बुलाक, थोरला पाट.
आणि सातवा?

"आटला. माझ्या बापाच्या डोळ्यांदेखत.
नाव होतं त्याला, मीच विसरलो."
बुटातला खडा काढत बसला बराच वेळ.
"तिथे एक श्वास सोडत जा.
जागा असू दे."

त्याच वर्षी पाऊस फिरकला नाही.
अध्यक्षाच्या घासाची पाळी होती त्या रात्री,
आणि पाणी गेलं बातमाकानच्या कांद्यात,
जिच्या घरात पुरुष नव्हता
आणि जिचं नाव पाळीच्या कागदावरही नव्हतं.
सकाळी माणसं जमली.
पांढरी नमद्याची टोपी काढून हातात धरली त्याने,
असं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.
"झोप लागली," एवढंच बोलला.
दंड म्हणून एक मेंढी गेली. सगळ्यांत लठ्ठ.

कंदील माझ्या हातात होता.
रात्रभर त्याचे डोळे उघडे होते,
दातांत गवताची काडी,
वर तारे, खाली पाणी
जायचं तिकडे जात होतं.
मला कुणी विचारलं नाही.
त्यानेही माझ्याकडे वळून पाहिलं नाही,
गप्प राहा म्हणायला, किंवा बोल म्हणायला.
ते न पाहणं
मला अजून पुरतं उलगडलेलं नाही.

आता मी बिश्केकमध्ये, जलखात्यात.
पडद्यावर आकडे हलतात, सेन्सर लुकलुकतात.
परवा एक नवा मुलगा आला, वही उघडून बसला,
"आपा, काही सांगा ना, अनुभवाचं."
जिभेवर एक वाक्य आलंही होतं,
गोलसर, पुस्तकात शोभेल असं.
गिळलं.
"बूट कुठले घातलेस?" विचारलं.
"चल, आधी पाट बघून येऊ."

गाडीत मी त्याला नावं सांगत गेले.
सहा झाली.
मग मी थांबले,
आणि त्याने पेन तसंच वर धरून ठेवलं,
वाट बघत.