हातचा एक

व्हियारेज्जोच्या कालव्यात, मासळीच्या होड्यांपलीकडे,
ती उभी असते: ओर्तेन्सिया.
एकवीस मीटर, जन्म एकसष्टचा,
तासाच्या भावाने मिळते.
लग्नं, कंपन्यांची स्नेहसंमेलनं,
एकदा तर घटस्फोटाची पार्टी;
बाईंनी अंगठी पाण्यात भिरकावली आणि मग हळूच मला विचारलं,
इथे खोल किती आहे हो?

मी तिला चालवतो. त्याआधी चार हिवाळे
मीच तिला उघडली होती, पार फासळ्यांपर्यंत.
माग्रा नदीच्या मुखाशी चिखलात रुतलेली सापडली,
सलूनमध्ये कोंबड्या.
खरंच, कोंबड्या. पितळी दिव्याच्या कोनाड्यात
एक अंडं निघालं, कधीचं कोण जाणे.
तुल्लिओ, म्हणजे मालक, म्हणाला शुभशकुन.
त्याने वास घेतला नव्हता.

डेकचं सागवान बदललं, महोगनी वाचवली,
व्हार्निशचे अकरा हात दिले,
दर हातानंतर घासायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या हिवाळ्यात
मालकाच्या केबिनमधला आरसा उतरवला, तर
मागच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेलं:
सदतीस अधिक अठ्ठेचाळीस.
खाली रेघ.
रेघेखाली पंचाहत्तर.
बाजूला, पाटीवर गिरवल्यासारख्या अक्षरात: दिवस. अँपेलिओ.

मी रंधा खाली ठेवला.
बेरीज केली मनात, मग बोटांवर.
सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक.
तो हातचाच विसरला होता.
दहा दिवस
त्याने तासलं, ठोकलं, वाफ देऊन लाकूड वाकवलं
आणि त्याचे पैसे मागितले नाहीत.
किंवा मुकादमाने सुधारून दिलं असेल.
किंवा बायकोने; माझ्या बायकोने तरी नक्की धरलं असतं.
विचारणार कुणाला? त्या यार्डाच्या जागी आता सुपरमार्केट आहे.
फळी तशीच ठेवली, आरसा परत लावला.
तुल्लिओला बोललो नाही;
त्याने वर छोटा दिवा लावून पाहुण्यांना दाखवली असती.

तेव्हापासून दर फेरीला
परतताना, बंदराच्या लाल दिव्याआधी,
मी दोन्ही इंजिनं बंद करतो.
दहा मिनिटं.
गाणी चालूच असतात, तरी लोकांना काहीतरी जाणवतं.
आवाज खाली येतात. एखादी नवरी सँडल काढते.
कुणी म्हणतं, बघ, डोंगरावर बर्फ!
तो बर्फ नसतो, संगमरवराच्या खाणी असतात. मी सांगत नाही.
ओर्तेन्सिया करकरते जरा,
खुर्चीत नीट बसणाऱ्या म्हातारीसारखी.

धक्क्यावर तुल्लिओ मनगटावर बोट आपटत उभा.
प्रवाह होता, मी म्हणतो.
इथे कसला आलाय प्रवाह, तो म्हणतो.

हिशेब केलाय मी, हातचे न विसरता:
कामाचा दिवस आठ तासांचा धरला
तर चारशे ऐंशी फेऱ्या.
उन्हाळ्याला चाळीस होतात.
म्हणजे बारा वर्षं, आणि मला आता त्रेसष्ट.
गुडघ्यांचं मत वेगळं आहे.

गेल्या शनिवारी एकशे सहावी.
कुणाच्या तरी बाळाचा बाप्तिस्मा,
जाळीच्या पुरचुंड्यांत साखरेचे बदाम.
इंजिनं थांबली तसा सहा-सात वर्षांचा एक मुलगा
चाकापाशी आला. बिघडली?
नाही.
मग का थांबलो?
एका माणसाचं देणं आहे.
कुठाय तो?

दीनोच्या हाती चाक दिलं,
मुलाला खाली नेलं आणि आरशासमोर उभं केलं.
तो बघत राहिला, गालात बदाम.
हा तर मी, म्हणाला.

वरून त्याची आई हाका मारत होती.
मी घड्याळ पाहिलं.
अजून चार मिनिटं होती.