पेव

हरिपूरची शाळा, खोली नंबर दोन.
शाई लावायचं काम माझ्याकडे.
दुपारी अक्काताई बोंद्रे आल्या,
बोट पुढे केलं.
मी चेहरा ओळखला
आणि काडी हवेतच राहिली.

पुरातला तो फोटो : होडीत बाई, मांडीवर शिलाई मशीन.
आधी आला 'आमच्या दादांनी वाचवलं' म्हणून,
चार दिवसांनी तोच, 'यांच्या राज्यात हे हाल' म्हणून,
आणि परवा, प्रचार थांबल्यावर,
काळ्या चौकटीत : उपचाराविना गेली ही माउली.
खाली एकाचं नाव. यालाच मत देणार?

मी हात जोडलेले पाठवले.
मग तो फोटो तीन ग्रुपवर. शाळेच्यासुद्धा.

इथे हळदीची पेवं असायची,
जमिनीच्या पोटात, तोंड लिंपलेली.
उघडल्याबरोबर कोणी उतरत नसे.
हमाल आधी दोरीनं कंदील सोडायचे;
विझला, तर आत हवा वाईट.
एवढं पोरांनाही ठाऊक होतं.

"लाव की गं, रांग थांबलीया.
मेलेल्या बाईला शाई चढत न्हाई व्हय?"
म्हणजे त्यांना माहीत होतं.
"होडी माझ्या दिराची. दादा न्हाई न् कोण न्हाई.
मशीन तेवढं गंजलं."

नखावरून कातडीवर रेघ ओढली, जाड.
त्या फुंकर घालत बाहेर गेल्या.

रात्री फोन उघडला.
ग्रुपवर अजून फुलं वाहणं चालू.
लिहिलं : त्या जिवंत आहेत, मी बघितलंय.
मुख्याध्यापकांनी अंगठा दाखवला.
मग पुढचा फोटो आला.