चपला

रामबागेतली आमची मराठी शाळा बंद झाली
तेव्हा माझ्याजवळ उरले अर्धा डबा खडू,
प्लास्टरची दोन केळी आणि एक मडकं,
ज्याची सावली तीस वर्षं
मी पोरांकडून डावीकडे पाडून घेतली.

संतोषबाई करोसिया आली ती सावलीसाठी नाही.
पोलिसांचं एक वाक्य घडी करून घेऊन आली :
पाय घसरून चेंबरमध्ये पडला.
म्हणाली, वाचता येणारे सगळे हे वाचून गेले,
आता न वाचता येणाऱ्यांना दाखवायचंय.
चार चौकटींत बसेल का माझा हेमराज?

बसवू, म्हणालो,
जणू गणपतीच.

पहिल्या चौकटीत दोर काढला, कमरेला बांधलेला.
"मास्टरजी, रस्सी थी ही नहीं."
खोडला.
तोंडावर मास्क काढला. तोही नव्हता.
खोडला.
ठेकेदार काढला पोट सुटलेला, मिशा पिळणारा.
ती हसली. बारका आहे तो, शर्ट नेहमी इस्त्रीचा,
आमच्या पोरीच्या लग्नात पाचशे एक रुपये आहेर केला त्याने.
हा माणूस काढणं सगळ्यात अवघड गेलं.

तिला मी कोपऱ्यात काढली होती,
गुडघ्यांत डोकं घातलेली.
बसले नव्हते मी, उभी होते.
आणि मोठी काढा जरा, बाजूच्या शिपायाएवढी तरी.
रडत होतात का, मी भीतभीत विचारलं.
नाही. चपला शोधत होते त्याच्या.
सापडल्या. झाकणापासून दोन पावलं अलीकडे,
जोडीने, टाचा सारख्या,
देवळाबाहेर काढतात तशा.

मी पेन्सिल खाली ठेवली.
ज्याचा पाय घसरतो
तो आधी चपला काढून नीट लावून ठेवतो का, बाई?

तेच तर सहा महिने सांगतेय, ती म्हणाली.
सगळे म्हणतात, लिहून द्या.

म्हणून तिसऱ्या चौकटीत फक्त चपला.
माणूस नाही, झाकण नाही, बोलण्याचा फुगा नाही.
दोन चौकटींमध्ये जी पांढरी फट सोडतात
तिला या कामात गटर म्हणतात,
हे मी तिला सांगितलं नाही.
फक्त दुसरीनंतरची फट आखताना
पट्टी थोडी सरकवली,
रुंद ठेवली.

मालवा मिलच्या झेरॉक्सवाल्याने पन्नास प्रती काढल्या,
पैसे एकोणपन्नासचे घेतले,
एक घडी करून गल्ल्याखाली सारली.
रात्री कणकेच्या खळीने आम्ही त्या लावत गेलो
पार पाटनीपुऱ्यापर्यंत.

आमचं शहर स्वच्छतेत पहिलं.
इथे भिंतीवर पानाची पिंक टिकत नाही,
कागद कुठला टिकायला?
सहाला कचरागाडी गाणं वाजवत निघाली
आणि मागोमाग जॅकेट घातलेला एक पोरगा,
हातात खरवडणी.
चहाच्या टपरीआडून आम्ही बघत होतो.
पहिली चौकट खरवडली.
दुसरी खरवडली.
तिसरीशी थांबला.
इतका थांबला की गाडीने हॉर्न दिला, दोनदा.

मग आमच्याकडे वळला
(आम्ही त्याला दिसत होतो, पहिल्यापासून)
आणि म्हणाला, चूक आहे.
डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता.
तांब्याच्या तारेने बांधला होता त्याने,
त्याच सकाळी,
माझ्यासमोर.

संतोषबाईने त्याला नाव विचारलं नाही.
माझ्या खिशातली पेन्सिल काढून दिली.
ती त्याने मुठीत धरली, खरवडणी धरतात तशी,
आणि भिंतीवर वाकला.
गाडीचं गाणं कोपऱ्यावर वळून ऐकू येईनासं झालं
तरी तो तार काढत होता,
एक वेढा,
मग जिभेचं टोक दातांत धरून
दुसरा.