तिसरा आवाज

मिशन दवाखान्याच्या बंद पडलेल्या एक्स-रे खोलीत
भरली आम्ही ती कॅसेट.
भिंतीत शिसं होतं, आणि बाबांचा समज असा
की जे किरणांना अडवतं ते कुत्र्यांनाही अडवेल.
नाही अडवलं.
तिसऱ्या गीताच्या दुसऱ्या कडव्यात मोत्या स्पष्ट भुंकतो,
आणि पाचव्यात, आम्ही 'आमेन' लांबवत असताना,
फाटकापाशी शकुंतला गाडी भोंगा देते,
योगायोगाने आमच्याच पट्टीत.
अकोल्याचा रेकॉर्डिंगवाला म्हणाला, पुन्हा घेऊ.
बाबा म्हणाले, राहू द्या, सुरात हाय.

चारी बाजूंना गाद्या उभ्या केल्या होत्या.
सरकी टोचायची पाठीला.
आक्काचा पहिला आवाज. चाल तिची.
माझा दुसरा, तिच्या एक पायरी खाली,
तिचेच फ्रॉक घालत मी मोठी झाले तसा.
बाबांचा चौथा. जन्मभर कंपाउंडर,
बाटलीच्या बुडाशी बसलेलं औषध हलवून वर आणावं
तसा खर्ज काढायचे.
आणि ओबेदचा तिसरा.

तिसरा कोणाला वेगळा ऐकू येत नाही.
"बाजेच्या पायताची दोरी हाय थे," बाबा सांगत,
"सोडून पाय, मंग समजन."

माय कॅसेटवर नाही. तिला सूर धरवत नव्हता.
ती दाराबाहेर उभी होती दोन रात्री,
पंपवाल्या गुलाबरावला मोटर बंद करायला लावून,
"हळू रे पोट्टेहो, गानं भरून राह्यले आत."

उमाळे परिवार, धानोरा मिशन. किंमत पंचवीस रुपये.
शंभर आल्या. सदतीस विकल्या.
नऊ पाळकांना भेट दिल्या, त्यातली एक परत आली.
उरलेल्या बियाण्याच्या खोक्यात,
वर अजून कपाशीच्या बोंडाचं चित्र आहे.

मग झावळ्यांच्या रविवारी, जेवताना,
ओबेद भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाला,
मी गातो बाबा, पण आता मानत नाही.
बाबा म्हणाले, "मानत नसशीन तं गाऊ नको."

एवढंच. आवाजसुद्धा चढला नव्हता कोणाचा.
पण ओबेद लहानपणापासून सांगितलेलं तंतोतंत करणारा.
त्या संध्याकाळी तो नाही गायला.
जूनमध्ये सुरतेला गेला, कपड्याच्या गिरणीत.
पैसे पाठवतो. फोनवर मायशी बोलतो,
पाऊस किती झाला, गुडघा कसा आहे.

पाचव्या गीतात चार मात्रा एकट्या तिसऱ्याच्या आहेत.
बाकीचे तिथे थांबतात, त्याने खांद्यावर घेऊन
पुढच्या ओळीत आणून सोडायचं.
आता आम्ही तिघंच गातो, आणि तिथे थांबतो.
बाबांनी ते वाक्य कधी मागे घेतलं नाही,
पण मांडीवर बोटाने मात्रा मोजायला
पहिली सुरुवात त्यांनीच केली.
एक, दोन, तीन, चार.
हळूहळू सगळी मंडळी थांबू लागली. साठेक माणसं.
नंतर जन्मलेल्या पोरांना वाटतं, गाणंच तसं आहे,
मधे एक खड्डा असलेलं.

यंदा यवतमाळहून नवे पास्टर आले, तरुण,
सोबत कीबोर्ड, त्यात दोनशे वाद्यं.
पहिल्याच रविवारी ती जागा त्यांनी भरली,
बासरीने, छान भरली.

बायकांच्या सतरंजीवरून मायने हात वर केला.
प्रार्थनेला करतात तसा नव्हे,
एसटी थांबवायला करतात तसा.
"पास्टरसाहेब, थे जागा राहू द्या.
खाली नाही थे. कोनाची तरी हाय."

पास्टरांनी बोटं उचलली.
आम्ही कडवं पुन्हा घेतलं.

एक, दोन.
बाहेर कोणाची तरी मोटर सुरू झाली.
तीन.
बाबांनी चौथ्यावर श्वास घेतला.