काटा

"बिनकाट्याचं द्या मावशी" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला
मी तीस वर्षं मनातल्या मनात हसत आले.
सुरमईचे तुकडे पिशवीत टाकताना वाटायचं,
बिचारी. हिला म्हावरं कळलंच नाही.
मी दांड्याची. पाला खाताखाता भांडायचेसुद्धा;
जीभ एका अंगानं शब्द लावायची,
दुसऱ्या अंगानं काटे वेगळे करायची.
चिंबोरीची नांगी उजव्या दाढेखाली धरली
की आवाज शेजारी प्रमिलाच्या ओटीवर जायचा.

ती दाढ गेली हर्षलच्या बारशाच्या आसपास.
मग तिची शेजारीण.
मग डावीकडचं सगळं, नाक्यावरच्या डॉक्टरकडे,
दुखली की काढ, दुखली की काढ.
दाढ वाचवायची तर पापलेटच्या अख्ख्या टोपलीचे पैसे.
काढायचे, कोलंबीच्या दोन वाट्यांचे.

भाकरी सुटली. सुकटीची चटणी सुटली.
चहात पाव आला, खारी आली,
कुस्करलेला बटाटा, केळं, गुरगुट्या भात,
बाजारात बसल्या बसल्या बिस्किटांचा पुडा,
अख्खा, कारण तो आपला आपण विरघळतो.
लुगड्याचा काष्टा पुरेना.
नऊवारी, आणि पुरेना!
भाचीच्या हळदीला बायका म्हणाल्या,
मथुरा खाऊनपिऊन सुखी आहे.

पालिकेच्या दवाखान्यात तळमजल्याला काटा.
उभी राहिले. शहाऐंशी. साखर दोनशे चाळीस.
डॉक्टरनं मान वर न करता लिहिलं:
काकडी, गाजर, मोडाचे मूग, ज्वारीची भाकरी.
"चावून चावून खायचं."
कशानं, मी विचारलं.
"दाताचं दुसऱ्या मजल्यावर."

दुसऱ्या मजल्यावर म्हणाले,
हिरड्या सुजल्यात, आधी साखर उतरवा.
तळमजल्यावर म्हणाले,
साखर उतरायची तर आधी वजन.
उतरत मीच होते, जिना,
गुडघा धरून, आणि परत चढत.
एकानं हनुवटीच्या वर बघितलं, दुसऱ्यानं खाली.
मधे माझा गळा होता,
तिथली ओपीडी कुठल्याच वारी नव्हती.

मग एक शिकाऊ पोरगी, तेंडोलकर,
कानात माशाच्या आकाराचे डूल.
तोंडात आरसा घालायच्या आधी तिनं विचारलं,
"मावशी, काल काय जेवलात?"
मी सांगितलं. पाव, खारी, भात.
"आणि आधी काय जेवायचात?"
ते सांगायला वेळ लागला.
पाल्यापर्यंत आले आणि पुढे काही येईना.
तिनं कापूस पुढे केला.
तोंडासाठीचा होता, मी डोळ्यांना लावला.

आठ महिने रक्त थुंकले, गोळ्या खाल्ल्या,
मूग शिजवून ठेचून खाल्ले.
कवळी आली. वजन उतरलं तीन किलो.
प्रमिला म्हणते, कुठनं?
पहिल्याच दिवशी पाला केला.
काटा कवळीखाली गेला, हिरडीत रुतला;
जीभ वाट विसरली होती.
नळाखाली धुतली, हातावर घेऊन बघितली,
सोललेल्या कोलंबीसारखी गुलाबी.

दुसऱ्या दिवशी बाजारात, दुपारची, गिऱ्हाईक नसताना
सहज पारड्यात टाकली.
माझा तराजू जुना आहे.
काटा हललासुद्धा नाही.
दुसऱ्या कुणाचं असतं तर करंगळी टेकवली असती.