इतिवृत्तात न घेतलेलं

उपस्थिती : सत्तावीस, असं मी आधी लिहिलं.
चौघं नुसती उबेला आली होती
शाळेच्या व्यायामशाळेत, नोव्हेंबरातल्या मंगळवारी.
मग खोडून एकतीस केले.
ऊब मागणं ही काय बागेबद्दलची सूचना नव्हे?

आमच्या शहराच्या, वूचच्या, नावाचा अर्थ होडी.
नदी मात्र दिसत नाही कुणाला.
गिरण्यांनी तिला नळात घातली,
वर माती, मातीवर गवत,
आणि त्या गवताचं काय करायचं
ते ठरवायला आजची सभा.

हालश्काबाईंनी नकाशा जमिनीवर अंथरला.
म्हणाल्या, बूट काढा, आपापल्या घरापासून चालत या.
माणसं बिचकली.
कागदावर पाय कसा द्यायचा,
तोही महापालिकेच्या!

पहिल्यांदा बोगुमिलाबाई उठल्या.
वय एक्याऐंशी, मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
दुकान, दवाखाना, ट्रामचा थांबा,
आणि मध्येच कोऱ्या हिरव्यावर थबकल्या.
"इथं."
इथं काय, बाई?
"इथं मला दम लागतो."
आराखड्यात सहा बाक होते.
सहाही कारंज्याकडे तोंड करून,
जिथवर बाई कधी पोचल्याच नव्हत्या.

पुढे कुत्रेवाले आणि बाळवाले
समोरासमोर बसले व्याह्यांसारखे,
कुंपणाच्या उंचीवरून मानापमान झाले.
त्यातलं मी फक्त
"चर्चा झाली" एवढंच लिहिलं.

हारकिवहून आलेली ओलेस्या दाराशी उभी.
मला मत आहे का, असं तिने
दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा आणखी हळू.
नियमात लिहिलं होतं : रहिवासी.
रहिवासी म्हणजे कोण, ते पुढच्या पानावर असावं,
आणि पुढचं पान झेरॉक्समध्ये निघालंच नव्हतं.
देवाची कृपा म्हणायची त्या यंत्रावर.
तिला तीन टिकल्या दिल्या, सगळ्यांसारख्या.
तिन्ही तिने एकाच ठिकाणी लावल्या :
दिवा हवा, फाटकापाशी.

कायेतान, इयत्ता दुसरी, हात वर.
"डबकं ठेवा."
मुद्दा क्रमांक चार : डबक्याचा निचरा करणे.
"ते नेहमी परत येतं," तो म्हणाला,
"म्हणजे त्याला यायचं असतं."
हशा पिकला. बोगुमिलाबाई हसल्या नाहीत.
"माझी आई सांगायची,
गिरणीत ज्या दिवशी जो रंग, तोच नदीला.
डबकं कुठलं, तीच आहे ती खाली."

मतदान झालं. निचरा एकोणीस, डबकं आठ,
बाकीचे तटस्थ, त्यात उबेचे चौघं.
कायेतानने टिकल्या स्वतः मोजल्या,
मग पुन्हा मोजल्या,
मग कोट घातला, बटणं चुकीच्या काजांत.
मला वाटलं त्याला काही सांगावं.
पण कारकुनाने बोलायचं नसतं.

मार्चमध्ये डबकं बुजलं, वर बारीक खडी.
एप्रिलमध्ये पाणी निघालं
दहा पावलं पलीकडे,
नव्या बाकाच्या ऐन पायाशी,
हरकती व सूचना यांची मुदत
कधीच संपून गेलेली असताना.

पाहणीला मी गेलो तेव्हा
कायेतान रबरी बुटांनी त्यात उभा होता,
जिंकल्यासारखा नाही, कामात असल्यासारखा.
बोगुमिलाबाई बाकावर, पाय उचलून धरलेले,
पिशवी मांडीवर.
"दम इथंच लागतो," म्हणाल्या,
"आता बूटही इथंच भिजतात. हे लिही."

लिहिलं.